न्यायासनावरून वॉशिंग्टनला

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील जाफराबाद हे तेव्हा औरंगाबाद जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण होते. तेथील एखाद्या शेतकऱ्याचा बांधाचा तंटा खालच्या न्यायालयांत मिटला नाही, तर वरचे अपील पूर्वी हैदराबादेस जाई. आता ते मुंबईस जाऊ लागले, आणि १९८१ साली औरंगाबादेस खंडपीठ स्थापन होईपर्यंत तसेच जात राहिले. मराठवाडा मुंबई राज्यात आला तेव्हा मुंबईच्या उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते महमदअली करीम छागला. त्या दिवसांत राज्याचे हंगामी राज्यपालपदही तेच सांभाळीत होते.

छागला हे त्यांचे मूळचे आडनाव नव्हे. ३० सप्टेंबर १९०० रोजी मुंबईतील एका खोजा कुटुंबात त्यांचा जन्म झाला आणि घराण्याचे आडनाव मर्चंट, म्हणजे व्यापारी, असे होते. ज्याला पैसा मिळविण्याची मुळीच हौस नाही, त्याने हे नाव कशाला मिरवावे, असे त्यांना वाटले व ते आजोबांकडे गेले. आजोबांनी तत्काळ 'छागला' हे नाव सुचविले. कच्छी भाषेत त्याचा अर्थ लाडका. छागलांच्या वडिलांना सारेजण याच नावाने हाक मारीत असत.

मुंबईस सेंट झेवियर्समध्ये व पुढे ऑक्सफर्ड येथे इतिहासाचे अध्ययन करून १९२२ साली ते बॅरिस्टर झाले. काही वर्षे त्यांनी बॅरिस्टर जिना यांच्या हाताखाली वकिली केली. परंतु जिनांच्या राजकारणाने वेगळी वाट धरताच छागला त्यांच्यापासून दूर झाले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते कायदा शिकवीत. तेथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांचे सहकारी होते. १९४१ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

परदेशात देशाची बाजू मांडण्याचा प्रसंग त्यांच्यावर आला तो १९४६ साली. दक्षिण आफ्रिकेतील हिंदी लोकांना जमीन घेण्यास व राहण्यास मज्जाव करणारा कायदा तेथील सरकारने केला होता. श्रीमती विजयालक्ष्मी पंडित यांच्या नेतृत्वाखाली भारताचे शिष्टमंडळ हे गाऱ्हाणे घेऊन न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघापुढे गेले आणि त्यात छागला होते. दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान जनरल स्मट्स यांचे म्हणणे असे की, हा आमच्या घरातला प्रश्न आहे. त्यात बाहेरच्यांनी पडू नये. वरवर पाहता हा मुद्दा बिनतोड वाटतो. त्यावर भारताचे उत्तर असे होते की, माणसाच्या मूलभूत हक्कांचे रक्षण करू, असे वचन राष्ट्रांनी एकमेकांना दिलेले आहे, आणि दिलेले वचन ही कोणा एकाच्या घरातली गोष्ट राहत नाही. ८ डिसेंबर १९४६ रोजी मतदान झाले. दोन तृतीयांश मतांची अट होती. ठरावाच्या बाजूने ३२ व विरुद्ध १५ मते पडली. मुलांनी गणित करून पाहावे: या बत्तिसांतील एकच राष्ट्र विरुद्ध बाजूस गेले असते, तर ठराव फेटाळला गेला असता!

१९४७ मध्ये छागला मुख्य न्यायाधीश झाले. त्यांच्या कारकिर्दीतील एक प्रसंग विशेष स्मरणीय आहे. १९०८ साली मुंबई उच्च न्यायालयाने लोकमान्य टिळकांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली होती. आपण निर्दोष आहोत, असे टिळकांनी तेथेच शांतपणे सांगितले होते. १९५६ साली त्यांचे ते शब्द संगमरवरी शिलेवर कोरून न्यायालयात लावण्यात आले. शिलेचे अनावरण छागलांनी केले आणि या वास्तूत झालेल्या अन्यायाचे परिमार्जन करण्यासाठी आपण जमलो आहोत, असे सांगितले. न्यायालयाने आपल्याच जुन्या निकालाबद्दल असे बोलणे ही सामान्य गोष्ट नव्हे.

१९५८ च्या आरंभी आयुर्विमा महामंडळाच्या कारभाराची चौकशी त्यांच्याकडे आली. महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले होते. चौकशी बंद दाराआड होऊ नये, असा छागलांचा आग्रह होता. आत जागा अपुरी पडली, म्हणून बाहेर ध्वनिक्षेपक बसविले आणि लोकांनी साक्षी रस्त्यावर उभे राहून ऐकल्या. अर्थमंत्र्यांनाही साक्ष द्यावी लागली. फेब्रुवारीत अहवाल प्रसिद्ध झाला आणि अर्थमंत्र्यांनी राजीनामा दिला.

त्याच वर्षी मुदत संपण्यापूर्वी न्यायासन सोडून छागला अमेरिकेत भारताचे राजदूत झाले. यावर टीका झाली, आणि ती अगदीच अनाठायी होती असे म्हणता येणार नाही. न्यायाधीशाने पुढे सरकारी पद स्वीकारू नये, अशी शिफारस विधी आयोगाने त्याच वर्षी केली होती. छागला स्वतः त्या आयोगाचे सभासद होते. पुढे पद मिळेल या आशेने न्यायाधीशाचे मन सरकारकडे झुकेल, ही त्या शिफारशीमागची भीती. ज्याच्या अहवालामुळे मंत्र्याला पायउतार व्हावे लागले, त्याच्याविषयी अशी शंका घेणे कठीण जाते, हे खरे. तथापि नियम एका माणसाकडे पाहून करावयाचा नसतो, हेही तितकेच खरे.

वॉशिंग्टनमधील काम न्यायदानाहून निराळे होते. न्यायाधीश दोन्ही बाजू ऐकतो. राजदूताला पक्षकार एकच, तो म्हणजे आपला देश. भारत कोणत्याही लष्करी गटात सामील होत नाही, याचा अर्थ अनेक अमेरिकनांना उमगत नसे, आणि तो उलगडून सांगणे हे राजदूताचे कर्तव्य होते. त्यांच्या काळात, डिसेंबर १९५९ मध्ये, अध्यक्ष आयसेनहॉवर भारतात आले. ४ मे १९६० रोजी वॉशिंग्टन येथे अन्नधान्याचा मोठा करार झाला. त्यावर अध्यक्षांनी व भारताचे अन्नमंत्री स. का. पाटील यांनी सह्या केल्या. चार वर्षांत १ कोटी ६० लाख टन गहू व १० लाख टन तांदूळ भारतास मिळावयाचा होता.

याच सुमारास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातही त्यांचे एक काम चालू होते. १९५४ साली स्वयंसेवकांनी दादरा व नगरहवेली पोर्तुगीजांच्या हातून मुक्त केली. त्या स्वयंसेवकांत गायक सुधीर फडके हेही होते. तेथे जाण्यासाठी भारतातून वाट मिळावी, म्हणून पोर्तुगालने खटला भरला. अशा खटल्यात संबंधित देशाला आपला एक न्यायाधीश बसविता येतो; भारताने छागलांना बसविले. १२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला: सैन्य व शस्त्रे नेण्याचा हक्क पोर्तुगालला नाही, आणि भारताने कोणतेही कर्तव्य मोडलेले नाही. बहुमताच्या निकालातील काही भाग छागलांना मान्य नव्हता. तो त्यांनी वेगळे मत लिहून नोंदविला.

पुढे ते लंडनला उच्चायुक्त होते. १९६३ मध्ये ते शिक्षणमंत्री झाले व नंतर परराष्ट्रमंत्री. विद्यापीठांतून इंग्रजी घाईने काढून टाकण्याचे धोरण त्यांना पटले नाही, म्हणून १९६७ मध्ये त्यांनी मंत्रिपद सोडले. मराठीतून शिकणाऱ्या मुलांना त्यांचे हे मत पटेल किंवा पटणार नाही. पद मात्र त्यांनी त्यासाठीच सोडले. ते पुन्हा वकिली करू लागले. १९७५ साली आणीबाणी जाहीर झाली आणि पुष्कळ मोठी माणसे गप्प बसली. तेव्हा पंचाहत्तर वर्षांचे छागला अहमदाबादच्या सभेत उघडपणे तिच्याविरुद्ध बोलले. ९ फेब्रुवारी १९८१ रोजी मुंबईस त्यांचे निधन झाले. त्यांचा पुतळा उच्च न्यायालयात, जेथे ते न्यायदान करीत त्याच वास्तूत उभा आहे.