भजनी आवाज आणि खर्जाचा रियाज

प्रश्न : लहानपणापासून गावच्या भजनात गातो. आता शास्त्रीय गाणे शिकायचे आहे. पहिल्या सवयी आड येतील का? (वालूर, ता. सेलू)

उत्तर : भजनी गायकाकडे ताल, पाठांतर आणि धीटपणा तयार असतो, अडचण असते ती पट्टीची. टाळ-मृदंगाच्या वर ऐकू जावे म्हणून पुरुषही काळी चार, काळी पाचमध्ये गातात आणि गळा ताणला जातो. शास्त्रीय गुरू बहुधा पट्टी काळी एक-दोनच्या आसपास उतरवतो. पहाटे मंद्र सप्तकात एकेक स्वर श्वास पुरेल तोवर धरणे म्हणजे खर्जाचा रियाज. तो कंटाळवाणा वाटतो, पण आवाजाला बूड त्यानेच येते.

पुढे आकार, पलटे आणि भूप किंवा यमन. भूपात पाचच स्वर (सा रे ग प ध) असल्याने चूक लगेच कळते. साथीला पेटीपेक्षा तानपुरा बरा. पेटीचे बांधीव स्वर कानाला आळशी करतात. मोबाइलवरचा तानपुराही चालतो.

सेलू किंवा परभणीला आठवड्यातून एकदा शिकवणी आणि रोज घरी अर्धा तास, एवढे सुरुवातीला पुरे. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात. त्यांची घाई नको. भजन सोडायचे कारण नाही, पट्टी तेवढी उतरवावी. घसा दुखला तर रियाज थांबवावा. आवाज तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे.