कटिंग व्हील: निवडायचं कसं, वापरायचं कसं



शिलाई आणि पापडाच्या पुढे जाऊन आपल्या काही गटांनी शेळ्यांच्या गव्हाणी, कोंबड्यांचे पिंजरे आणि ट्री गार्ड बनवायला घेतलेत. या कामात हॅण्ड ग्राइंडर रोज हातात असतो, म्हणून या वेळचा पाठ त्याच्या कटिंग व्हीलवर, म्हणजे आपल्या चकतीवर.

आधी माझी चूक सांगते. पावसाळा संपता संपता एका गटाच्या शेडवर गेले होते. ओल आलेल्या भिंतीजवळ जुन्या चकत्या पडल्या होत्या. ताईंनी विचारलं, "मॅडम, नवीन पाकीट आणू का?" हिशोबाची वही माझ्याच हातात होती. मी म्हटलं, "आहेत ना अजून, त्याच वापरा." मशीनचा गार्ड काढून ठेवलेला दिसत होता, तरी मी गप्प राहिले. अँगल कापताना चकती फुटली. तुकडा दाराच्या पत्र्यावर इतक्या जोरात आदळला, की पत्रा चेपला. ताई जरा बाजूला होत्या म्हणून वाचल्या. थोड्या पैशांसाठी त्यांचा डोळा गेला असता, आणि सांगणारी मी होते.

दुकानात काय बघायचं?

१. माप: ४ इंची मशीनला ४ इंची, म्हणजे १०० मिमीचीच चकती. मोठी चकती बसवायला गार्ड काढावा लागत असेल, तर ती चकती आपली नाही.

२. फेरे: चकतीवर मिनिटाला जास्तीत जास्त किती फेरे ते छापलेलं असतं. तो आकडा मशीनवरच्या आकड्याइतका किंवा जास्तच हवा. मोठ्या चकत्यांचा आकडा कमी असतो. १४ इंची चॉप सॉची चकती साधारण ४,४०० फेऱ्यांची, तर आपलं छोटं मशीन ११,००० च्या आसपास फिरतं. झिजून लहान झालेली मोठी चकतीसुद्धा त्यावर लावायची नाही.

३. कशासाठी: चकतीवर लोखंड, स्टेनलेस की दगड ते लिहिलेलं असतं. फरशीची चकती लोखंडाला नको. लाकडाचं दातेरी पातं तर ग्राइंडरला कधीच लावू नका.

४. जाडी: पातळ पाइप आणि पत्र्याला १ ते १.६ मिमी, जाड अँगलला २.५ ते ३ मिमी.

५. मुदत: बहुतेक चकत्यांच्या मधल्या धातूच्या कड्यावर महिना आणि वर्ष असतं. चकती राळेने बांधलेली असते. जुनी झाली किंवा ओल लागली, की ती बांधणी कमजोर होते. म्हणून चकत्या कोरड्या डब्यात, आडव्या ठेवा.

सुरू करण्याआधी

प्लग काढूनच चकती बदला. तडा गेलेली, कड तुटलेली किंवा खाली पडलेली चकती टाकून द्या. गार्ड आपल्या आणि चकतीच्या मध्ये येईल असा फिरवा. नवीन चकती अर्धा ते एक मिनिट रिकामी फिरवून बघा. त्या वेळी तिच्या रेषेत कुणी उभं नको.

पदर घट्ट खोचा, ओढणी काढून ठेवा, वेणीचा अंबाडा बांधा. बांगड्या आणि मंगळसूत्र अडकणार नाही असं बघा. बाजूने बंद असलेला गॉगल आणि मास्क हवाच. ठिणग्या लांब जातात, म्हणून जवळ कडबा, पेट्रोल, गॅसची टाकी किंवा लेकरं नकोत.

कापताना

मशीन दोन्ही हातांनी धरा. जोर देऊ नका, वाकडं करू नका. चकतीच्या बाजूने घासू नका, घासायला जाड ग्राइंडिंग व्हील वेगळं मिळतं.

पाइप शिकंज्यात पक्का आवळा आणि कापायचं टोक मोकळं ठेवा. दोन्ही टोकं टेकवून मध्ये कापलं, तर पाइप वाकतो, फट मिटते, चकती अडकते आणि मशीन अंगावर उसळतं. काम झाल्यावर चकती पूर्ण थांबल्याशिवाय मशीन खाली ठेवू नका.

डोळ्यात कण गेला तर

चोळू नका. पदराच्या टोकाने किंवा काडीने काढायला जाऊ नका. आपल्याकडे हे सर्रास होतं, आणि त्यानेच इजा वाढते. डोळा झाकून लगेच दवाखाना गाठा. "दुखायचं थांबलं" म्हणून घरी बसू नका, कण आत राहिलेला असू शकतो.

पुढच्या बैठकीत एवढं करा: शेडमधल्या सगळ्या चकत्या मांडा, प्रत्येकीचं माप, फेरे आणि मुदत मोठ्याने वाचा. बाद झालेल्या तिथेच मोडून टाका, म्हणजे कुणी परत उचलणार नाही. नवीन चकत्या आणि गॉगलच्या खर्चाचा ठराव इतिवृत्तात लिहा. वही तपासायला आले, की मी हाच खर्च आधी बघणार आहे. तो दिसला नाही, तर विचारीन!

तुमची,
क्षेत्र समन्वयक