किल्लारी : गाव, भूमी आणि लोकवस्ती

श्री नीळकंठेश्वराच्या प्राचीन मंदिरामुळे भाविकांना परिचित असलेले किल्लारी हे लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यात, तेरणा नदीच्या खोऱ्यात वसलेले आहे. परिसरातील जमीन काळी व कसदार असून ज्वारी, तूर, सोयाबीन व ऊस ही प्रमुख पिके होत.

जुने गाव दाट वस्तीचे होते. दगडमातीच्या जाड भिंती व वर मातीचे जड माळवद अशी घरांची बांधणी असे. उन्हाळ्यात ही घरे थंड राहत. परंतु हाच भार पुढे जीवघेणा ठरला. अनंत चतुर्दशीचे गणेश विसर्जन आटोपून गाव निद्राधीन असताना दि. 30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी भूकंप झाला. लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत मिळून सुमारे दहा हजार माणसे दगावली.

त्यानंतर 52 गावे नव्या जागी वसविण्यात आली. किल्लारीही त्यांपैकीच एक. जमीनधारणेनुसार 250, 400 व 750 चौरस फुटांची भूकंपरोधक घरे देण्यात आली. रस्ते रुंद झाले, मात्र गल्लीतला शेजार विखुरला. घर नव्या गावात आणि वडिलोपार्जित शेत जुन्या शिवारात, अशी येथील कुटुंबांची स्थिती झाली.

दरवर्षी 30 सप्टेंबरला येथे दिवंगतांना श्रद्धांजली वाहिली जाते. दर्शनास येणाऱ्या भाविकांनी स्मृतिस्तंभापाशीही क्षणभर थांबावे. जुन्या गावठाणातील दगड हे कोणाच्या तरी घराचे दगड आहेत, याचे भान ठेवावे, ही विनंती.