पदवी की कसब?

(दहावीनंतर पुढे काय करावे, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. या पाठात त्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू सांगितल्या आहेत.)



थोड्याच दिवसांत तुम्ही दहावीची परीक्षा द्याल. निकाल लागला, की घरात चर्चा सुरू होईल. अब्बा म्हणतील, "कॉलेजात जा, पदवी मिळव." मामू म्हणतील, "एवढी वर्षे घालवण्यापेक्षा एखादे काम शीक." दोघांनाही तुमचे भलेच हवे असते. मग कोणाचे ऐकावे?

काही कामे महाविद्यालयात शिकल्याशिवाय करताच येत नाहीत. डॉक्टर होण्यासाठी साडेपाच वर्षे शिकावे लागते. वकिलालाही पदवी लागते. असे ध्येय तुमच्या मनात असेल, तर ती वाट सोडू नका. पैशांची अडचण असेल, तर शिक्षकांना शिष्यवृत्तीविषयी विचारा.

पण पुष्कळ मुले काहीच न ठरवता कॉलेजात जातात. मित्र गेला, म्हणून आपणही जायचे! आवड नसली, की अभ्यास होत नाही आणि शिक्षण मध्येच सुटते. फी जाते, वर्षे जातात. हाती ना पदवी येते, ना कसब.

याउलट काही मुले शाळा अर्धवट सोडून गॅरेजात किंवा दुकानात कामाला लागतात. उस्तादाचे पाहून पाहून शिकतात. त्यांचा हात चांगला बसतो. पण कामामागचे कारण त्यांना कोणी सांगत नाही. एक उदाहरण पाहा. पाणी तापवणारा एक गीझर 2000 वॅटचा आहे. घरातील वीज 230 व्होल्टची असते. 2000 ला 230 ने भागले, तर उत्तर सुमारे 8.7 येते. म्हणजे हा गीझर जवळजवळ 9 अँपिअर वीज ओढतो. तो 6 अँपिअरच्या लहान सॉकेटला जोडला, तर सॉकेट तापेल आणि आगही लागू शकेल. त्याला 16 अँपिअरचे सॉकेट आणि जाड तार हवी. हा भागाकार तुम्ही शाळेतच शिकलात. ज्याला तो येतो, त्याच्या हातात घर सुरक्षित राहते.

म्हणून काम शिकायचे, तर नीट शिकावे. त्यासाठी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहेत. त्यांना आपण आयटीआय म्हणतो. तेथे संधाता म्हणजे वेल्डर होण्यासाठी एक वर्ष, तर वीजतंत्री म्हणजे इलेक्ट्रिशियन होण्यासाठी दोन वर्षे लागतात. या संस्थांत मुलीही प्रवेश घेऊ शकतात. परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर सरकारमान्य प्रमाणपत्र मिळते. 1961 च्या शिकाऊ उमेदवारी कायद्यानुसार कारखान्यात उमेदवारी करता येते आणि त्या काळात विद्यावेतनही मिळते.

काम शिकले, म्हणजे पुढचे शिक्षण संपले, असे समजू नका. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम पूर्ण केला, तर तंत्रनिकेतनात पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळू शकतो. पदविकेनंतर अभियांत्रिकी पदवीचेही दार उघडते. ही वाट वळणाची आहे. पण बंद नाही.

हाताने काम करण्यात कमीपणा आहे, असे काही लोकांना वाटते. डॉ. झाकीर हुसेन यांनी जर्मनीत बर्लिन येथे अर्थशास्त्रात डॉक्टरेट मिळवली होती. पुढे 1967 मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले. 1937 मध्ये महाराष्ट्रातील वर्धा येथे शिक्षणाची नवी योजना आखण्यासाठी एक समिती नेमली गेली. तिचे अध्यक्ष झाकीर हुसेन होते. प्रत्येक मुलाने शाळेत सूतकताई, सुतारकाम, शेती असे एखादे हाताचे काम शिकावे, असे या समितीने सुचवले. एवढ्या मोठ्या विद्वानाला हाताचे काम हलके वाटले नाही. मग आपल्याला का वाटावे?

तुमच्या उर्दूतील 'हुनर' मराठीत 'हुन्नर' झाला. 'कसब' हा शब्द तर दोन्ही भाषांत आहे. चांगल्या कामाचा मान दोन्ही भाषांनी सारखाच राखला आहे.

तर मित्रांनो, निर्णय घेण्यापूर्वी स्वतःला तीन प्रश्न विचारा. मला कोणते काम मनापासून आवडते? त्या कामासाठी कोणते शिक्षण लागते? तेवढी वर्षे आणि तेवढा खर्च माझ्या घराला झेपेल का? उत्तरे कागदावर लिहा. मग तो कागद घेऊन अब्बा, अम्मी आणि गुरुजींजवळ बसा. लोक काय म्हणतील, हा चौथा प्रश्न मात्र त्या कागदावर लिहू नका.

शब्दार्थ
कसब – कामातील कौशल्य, हुनर
हात बसणे – सरावाने काम चांगले येऊ लागणे
विद्यावेतन – शिकत असताना मिळणारे पैसे
तंत्रनिकेतन – पॉलिटेक्निक
झेपणे – सहन होणे, पेलणे

स्वाध्याय
1. ध्येय न ठरवता कॉलेजात गेल्यास काय नुकसान होते?
2. 1500 वॅटच्या इस्त्रीला किती अँपिअरचे सॉकेट हवे? गणित करून सांगा.
3. तुमच्या मोहल्ल्यातील एखाद्या कारागिराला भेटा. तो काम कसे शिकला, हे पाच वाक्यांत लिहा.