पांढरा पांढराच राहावा म्हणून

हिवाळ्यात कॉलेजांच्या हुडींचं काम येतं. अशाच एका मरून लॉटवर आम्ही स्क्रीन प्रिंटिंगने पांढरी अक्षरं छापली. ड्रायरमधून बाहेर पडताना ती लखलखीत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी गठ्ठे सोडले, तर सगळी अक्षरं गुलाबी! शाई नेहमीचीच होती, फ्रेमही तीच. कापड मात्र शंभर टक्के कॉटन म्हणून आलेलं असलं, तरी त्यात पॉलिएस्टर मिसळलेलं होतं.

पॉलिएस्टरला दिलेला रंग उष्णतेने वायुरूप होऊन वरच्या शाईत चढतो. साधी प्लास्टिसोल शाई पूर्ण पिकायला साधारण 160 अंश सेल्सिअस लागतात, आणि हा रंग त्याआधीच सुटू लागतो. डाग कधी काही तासांनी दिसतो, कधी माल गिऱ्हाइकाकडे पोचल्यावर. लाल, मरून आणि नेव्ही ब्लू रंगांना जास्त जपा.

म्हणून लेबलवर विसंबू नका. शिवणीच्या आतून चार धागे काढून चिमट्यात धरून जाळा. निव्वळ कॉटन असेल तर जळत्या कागदाचा वास येतो आणि राख बोटात चुरगळते. पॉलिएस्टर असेल तर धागा आक्रसतो, वितळतो आणि टोकाला कडक मणी उरतो. मणी दिसला की लो-ब्लीड आणि कमी तापमानाला पिकणारी पांढरी शाई घ्या. गडद मिश्र कापडावर तीही पुरत नाही. तिथे खाली रंग अडवणाऱ्या करड्या शाईचा अस्तर-कोट द्यावाच लागतो.

आता छपाई. स्वेटशर्टच्या कापडाला लव असते आणि ती शाईतून डोकं वर काढते. अशा वेळी स्क्वीजीवर जोर काढायचा मोह आवरा. जास्त दाबलं की शाई कापडात मुरते आणि पांढरा फिका पडतो. आधी शाई डब्यातच घोटून मऊ करा, थंडीत तर नक्कीच. 43टीची ताणलेली जाळी घ्या, फ्रेम कापडापासून किंचित उचललेली ठेवा, एक हात मारा आणि फ्लॅश, म्हणजे वरून थोडा वेळ शेक, द्या. बोट लावल्यावर शाई चिकटू नये, पण पुरती पिकलेलीही नसावी, नाहीतर दुसरा कोट तिला धरत नाही. कापड चढवलेली पॅलेट तापत गेली की फ्लॅशचा वेळ कमी करा. बरेच जण नेमकं हेच विसरतात. बसलेल्या लवेवर दुसरा हात मारला की खरा पांढरा उमटतो.

जाड कापड उष्णता आणि ओल दोन्ही धरून ठेवतं. त्यामुळे तापमान मोजणाऱ्या लेसर गनवर दिसणारा आकडा फक्त वरच्या थराचा असतो, खालची शाई कच्ची राहू शकते. गार झालेला प्रिंट दोन्ही हातांनी ताणून बघा, तडे गेले तर तो पिकलेला नाही. एक नग धुऊनही बघा.

ड्रायरमधून निघालेले नग एकावर एक रचू नका. आत कोंडलेली धग रंग सोडतच राहते. आधी जाळीवर पसरून गार करा, मग घड्या घाला.

गडद मालाचा एक नमुना छापून निदान एक रात्र ठेवल्याशिवाय मी आता लॉट सुरू करत नाही. गिऱ्हाईक घाई करतं, पण ऑर्डर घेतानाच हा दिवस मागून घ्या, आणि दुसऱ्या कोटाचे व फ्लॅशचे पैसेही दरात तेव्हाच धरा.