राउंड संपल्यावरची दहा मिनिटे

वैद्यकीय महाविद्यालयात नव्याने शिकवायला लागलेल्या डॉक्टरांसाठी हे लिहितो आहे. २०१९ पासूनच्या एमबीबीएस अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद यांचे वेगळे धडे आले. आपण त्याला ‘एटकॉम’ म्हणतो. तास होतो, मुले चिंतनाचे एक पान लिहितात आणि ते पान पुष्कळदा मागच्या बॅचच्या पानासारखेच असते. एटकॉम हवेच, पण माणूस घडतो किंवा बिघडतो तो वॉर्डात. अमेरिकेतल्या जेफरसन मेडिकल कॉलेजात मोहम्मदरेझा होजात आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या सहानुभूतीचे मोजमाप केले. २००९ साली छापलेल्या त्यांच्या अभ्यासात घसरण दिसली ती तिसऱ्या वर्षी, म्हणजे तिकडची मुले रुग्णांजवळ पोचतात तेव्हाच. सुरुवात तिथूनच करू या.

पहिल्या आठवड्यात एकच सवय घ्या: खाटेजवळ कसे जायचे. ‘बारा नंबरचा लिव्हर’ असे कोणी म्हटले की तिथेच थांबवा आणि रुग्णाचे नाव विचारायला लावा. विद्यार्थ्याने आपले नाव सांगावे, मी अजून शिकतो आहे हे सांगावे, ‘तपासू का?’ विचारावे, पडदा ओढावा, हात गार असतील तर चोळून घ्यावेत आणि मगच पोटाला हात लावावा. पडदा नसेल तर दोघांना चादर धरून उभे करा. स्त्री रुग्णाची तपासणी असेल तर सिस्टर किंवा मावशी शेजारी हव्यातच. सरकारी रुग्णालयातल्या आजींना आपण ‘नको’ म्हणू शकतो हे सहसा कोणी सांगितलेले नसते. ते विद्यार्थ्याच्या तोंडून त्यांना कळू द्या. आणि आजी खरेच नको म्हणाल्या तर ‘बरं आजी, आराम करा’ म्हणून सगळ्यांना घेऊन पुढच्या खाटेकडे चला. त्या क्षणी पंधरा मुले तुमच्या चेहऱ्याकडे पाहत असतात.

दुसरी पायरी केसपेपरची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची. नाडी ७२, श्वास १६, बीपी १२०/८०. न मोजता लिहिलेले हे आकडे तुम्हीही पाहिले असतील. मी इंटर्न असताना रात्री दोन वाजता एका बाईंच्या कागदावर असेच १२०/८० लिहिले होते. सकाळी सरांनी मोजले तेव्हा ९०/६० भरले. बाई वाचल्या, पण तो कागद मला अजून दिसतो. ही गोष्ट मी प्रत्येक बॅचला पहिल्याच दिवशी सांगतो. त्यानंतर रोज एका विद्यार्थ्याचा एक आकडा त्याच्यासमोर स्वतः पुन्हा मोजतो. चुकीचा मोजला असेल तर तिथेच शिकवायचे. मोजलाच नसेल तर बाजूला नेऊन विचारायचे. चारचौघांत उघडे पाडलेले पोर पुढच्या वेळी खोटे अधिक सफाईने लिहिते.

तिसरी पायरी राउंडनंतरची. रुग्णांच्या कानावर जाणार नाही अशा खोलीत दहा मिनिटे बसा आणि एकच प्रश्न विचारा: आज आपल्या वागण्याने कोणाला कमीपणा वाटला असेल का? पहिले काही दिवस कोणी बोलणार नाही. शांतता सोसा, आणि आपले आपण सुरू करा: ‘मघाशी त्या मुलाच्या वडिलांवर मी ओरडलो, ते चुकले.’ जमले तर मुलांना सोबत नेऊन त्या वडिलांची माफी मागा. या दहा मिनिटांना गुण देऊ नका. गुण आले की मुले तुम्हाला आवडेल तेच बोलू लागतात. त्याऐवजी पोस्टिंग संपताना सिस्टर, मावशी आणि मामांना विचारा की कोण नीट बोलत होते, सांडलेले पुसायला कोणी मदत केली. ते ज्याचे त्याला एकट्याला सांगा.

वॉर्डाबाहेरचीही एक वाट आहे. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महाविद्यालयात नवे विद्यार्थी आधी आश्रमात राहतात, खादी घालतात, श्रमदान करतात. पुढे प्रत्येक बॅच एक गाव दत्तक घेते आणि तिथे शिबिराला जाऊन राहते. हे सगळीकडे जमणार नाही. पण कुटुंब दत्तक कार्यक्रम आता अभ्यासक्रमातच आहे, तो तरी फॉर्म भरण्यावर संपू देऊ नका. विद्यार्थी आणि कुटुंब यांची जोडी बदलू नका. पहिल्या भेटीत फक्त ओळख होऊ द्या. तिसऱ्या भेटीनंतर विचारा: त्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते, आणि तेव्हा पातेल्यात काय उरलेले असते? हे पाहून आलेली मुलगी ‘लोहाच्या गोळ्या का घेत नाही?’ असे त्या घरच्या सुनेवर खेकसणार नाही.

हे सगळे महिनाभर केलेत की एखाद्या सकाळी केसपेपरवर बीपीच्या रकान्यात लिहिलेले सापडेल: ‘मोजला नाही. कफ फाटला आहे.’ त्या विद्यार्थ्याला बोलवा, बरे केलेस म्हणा, आणि इतर वेळी तिसऱ्या दिवशी येणारा नवा कफ त्याच दिवशी स्टोअरमधून मिळवा. मग दोघे मिळून त्या रुग्णाचा बीपी मोजा.