दाखला नसला तरी हक्क असतोच

शंका : वकीलसाहेब, फादर लोकांनी मिस्सा करावी, शाळा-दवाखाने चालवावेत. मानवी हक्कांच्या भानगडीत पडल्यामुळेच स्टॅन स्वामींवर तुरुंगात जायची वेळ आली, असं आमच्याकडे बोललं जातं. श्रद्धेचा आणि हक्कांचा संबंध काय? – एक वाचक, लातूर

समाधान : तुरुंगातल्या माणसाला भेटणं म्हणजे मलाच भेटणं, अशी प्रभू येशूची शिकवण आहे. कैद्याची बाजू घेणं हे कॅथलिक माणसाचं धर्मकार्यच आहे. चर्चला हक्कांची भाषा सहज आली नाही, हेही खरं. १८३२ मध्ये पोप ग्रेगरी सोळावे यांनी विवेकस्वातंत्र्याचा निषेध केला होता. मात्र ११ एप्रिल १९६३ रोजी पोप जॉन तेविसावे यांनी ‘पाचेम इन तेर्रिस’ या विश्वपत्रात माणसाच्या हक्कांची यादीच मांडली, आणि १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेने धर्मस्वातंत्र्य प्रत्येकाचं आहे, असं जाहीर केलं.

फादर स्टॅन स्वामी झारखंडमध्ये खटल्याविना खितपत पडलेल्या आदिवासी तरुणांसाठी झटत होते. ८ ऑक्टोबर २०२० रोजी एल्गार परिषद प्रकरणात त्यांना अटक होऊन तळोजा तुरुंगात ठेवण्यात आलं. पार्किन्सनमुळे हात इतका थरथरायचा की पेला धरता येत नसे. नळी आणि सिपर मिळावा म्हणून या म्हाताऱ्या माणसाला कोर्टात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी, जामिनाची सुनावणी चालू असतानाच ते गेले. खटला उभाच राहिला नाही. आरोपांबद्दल आपलं मत काहीही असो, आजारी कैद्याला पाणी पिता यावं एवढं मागणं ही कुणाचीही पाठराखण नव्हे.

शंका : आजोबा मातंग समाजातले, पुढे ख्रिस्ती झाले. गावात आमची ओळख आजही तीच आहे. मुलाला मात्र अनुसूचित जातीचा दाखला मिळत नाही. नांदेडात शीख आणि बौद्ध बांधवांना तो मिळतो. आम्हीच का वगळलेले? कुणी म्हणतं, कागदावर हिंदू लिहा. तसं करावं का? – एक पालक, नांदेड

समाधान : आपली अडचण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात आहे. त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने अनुसूचित जाती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. किनवट-माहूरकडच्या आदिवासींना ही अडचण येत नाही, कारण अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही.

मद्रासच्या रस्त्याकडेला जोडे शिवणारे सूसाई यासाठीच सर्वोच्च न्यायालयात गेले होते. सरकारने चर्मकारांना फुकट टपऱ्या वाटल्या, पण ख्रिस्ती म्हणून त्यांना टपरी नाकारली. १९८५ मध्ये त्यांची याचिका फेटाळली गेली. धर्मांतरानंतरही जातीचा जाच तितकाच तीव्र राहतो, हे दाखवणारा पुरेसा पुरावा समोर नाही, असं न्यायालय म्हणालं. पुढे २००७ मध्ये रंगनाथ मिश्रा आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये याच प्रश्नासाठी के. जी. बालकृष्णन आयोग नेमला गेला.

कागदावर ‘हिंदू’ असं खोटं मात्र लिहू नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने असा दावा फेटाळताना तो संविधानाशी प्रतारणा करणारा ठरवला. पडताळणीत दाखला रद्द झाला की मुलाचा प्रवेश जातो, वर फौजदारी मागे लागते. आपला राग रास्त आहे. त्याची किंमत लेकराला मोजायला लावू नका.

ॲट्रॉसिटी कायद्याचं संरक्षण आपल्याला मिळत नाही. पण म्हणून दार बंद होत नाही. पाणवठ्यावर, हॉटेलात, मंदिराच्या वा चर्चच्या दारात अस्पृश्यता पाळली गेली, तर नागरी हक्क संरक्षण कायदा, १९५५ आहे. फिर्यादी अनुसूचित जातीचाच हवा, अशी अट त्यात नाही. पोलीस किंवा सरकारी नोकराकडून हक्कभंग झाला, तर वर्षाच्या आत मुंबईच्या राज्य मानवी हक्क आयोगाकडे तक्रार करा. फी नाही, वकीलही लागत नाही. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात महिलांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१०० लिहून ठेवा.

शंका : आमच्यातही सोयरीक जुळवताना आधीची जात विचारतात. मग सरकारकडे कोणत्या तोंडाने न्याय मागायचा? – एक भगिनी, उदगीर

समाधान : ताई, जे आहे ते बोलूनच मागायचा. भारतीय कॅथलिक बिशप परिषदेने डिसेंबर २०१६ मध्ये दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चमधल्या जातिभेदाची कबुली दिली आणि त्याला पाप म्हटलं. २०२२ मध्ये हैदराबादचे अँथनी पूला हे भारतातले पहिले दलित कार्डिनल झाले. मान वरपर्यंत पोहोचला, पण आपल्या पंगतीत आणि सोयरिकीत बदल आपल्यालाच करावा लागेल.

सूसाईंच्या खटल्यात कमी पडला तो पुरावाच. ‘आमच्यात जात नाही’ असं म्हणून आपण घराची अब्रू झाकतो, तेव्हा त्याच घरातल्या दलित लेकरांचा पुरावाही झाकतो. वेगळी बाकं, वेगळं दफन, मोडलेली सोयरीक, जे घडलं ते तारखेनिशी लिहा. एक प्रत धर्मग्रामाच्या सभेत ठेवा, एक बिशपांना पाठवा. धर्मग्रामाने ऐकलं नाही, तर पुन्हा लिहा. कोर्ट आणि आयोग असेच कागद मागतात.